भाच्याला मिशनच्या विमानांचा मेकॅनिक व्हायचंय. सुरुवात कुठून करावी?

मिशन_कंपाउंड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

माझा भाचा नगरला असतो. वय २१, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. हात काळे करायची हौस लहानपणापासूनची. आमच्या पप्पांची लूना त्यानं तीनदा खोलली आणि दोनदा जोडली. गेल्या वर्षी चर्चमध्ये एक पाहुणे आले होते. त्यांनी इंडोनेशियातल्या पापुआच्या डोंगरात गवतावर उतरणाऱ्या छोट्या विमानांचा व्हिडिओ दाखवला. बाकीची पोरं पायलटकडे बघत होती. हा घरी येताना मला विचारतो, "मामा, मागे इंजिन उघडून बसलेला तो माणूस कोण होता?" तेव्हापासून एकच धोशा लावलाय: मिशन एव्हिएशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती संस्था दुर्गम भागात चालवतात त्या विमानांवर, मेकॅनिक व्हायचं.

दाजी भडकलेत. विमानच दुरुस्त करायचंय ना, मग एएमई (विमान देखभालीचं इंजिनिअर लायसन्स) कर, एअरलाइनमध्ये लाग, पगार घे, असं त्यांचं म्हणणं. ताई काही बोलत नाही, म्हणजे जास्त काळजीत आहे. पाळकसाहेब म्हणतात, बोलावणं असेल तर अडवू नका. दोन्ही बाजूंचे फोन मलाच येतात.

हे प्रशिक्षण नक्की असतं कसं? आधी इथे एएमई करावं की थेट अमेरिकेतल्या शाळेत जावं? आणि पोटापाण्याचं काय? कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

रिकामटेकडा
तीनदा खोलली आणि दोनदा जोडली, म्हणजे लूना अजून खोललेलीच आहे. आधी ती जोडायला सांगा, मग विमानाचं बघू.

लॉकवायर
३४ वर्षं हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये काढली, आता निवृत्त. दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका.

आपल्याकडे डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं लायसन्स, सीएआर-६६ या नियमाखाली. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.२ म्हणजे पिस्टनची, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. डिप्लोमावाल्याला प्रवेश मिळतो. बी१.१चा अभ्यासक्रम २४०० तासांचा, आणि त्यानंतर चालू विमानांवर दोन वर्षांचा अनुभव. प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के लागतात. ७४ पडले की पुन्हा बसा. मी बसलोय.

अमेरिकेत एफएएचं (तिथलं विमान वाहतूक खातं) 'ए अँड पी', म्हणजे एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट. वय १८ पूर्ण हवं, इंग्रजी वाचता-लिहिता-बोलता आलं पाहिजे. मग एकतर मान्यताप्राप्त शाळा करा, नाहीतर ३० महिने प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा आणा. पुढे तीन लेखी परीक्षा, ७० टक्क्यांना पास, आणि शेवटी परीक्षकासमोर तोंडी आणि प्रात्यक्षिक. पूर्वी शाळेत किमान १९०० तास भरावेच लागत. सप्टेंबर २०२२ मध्ये तो नियम बदलला, आता तासांपेक्षा काय येतं ते बघतात.

मिशनची विमानं बहुतेक अमेरिकन बनावटीची असतात: सेस्ना २०६, सेस्ना कॅरव्हॅन, कोडियाक. म्हणून त्या जगात ए अँड पीला मान आहे. विमान ज्या देशात नोंदलेलं असेल त्या देशाचे कागद वरून लागतात, ते वेगळं.

दाजींना एवढंच सांगा की एएमई वाया जात नाही. पण मोठ्या एअरलाइनमधला अनुभव तिथे अर्धाच कामी येतो. आमच्याकडे भाग बिघडला की स्टोअरमधून नवा येतो, कार्डावर लिहिलंय तसा बसवायचा, दुसरा माणूस येऊन तपासतो. जंगलात स्टोअर तुम्हीच, तपासणारेही बऱ्याचदा तुम्हीच.

चिकित्सक_पुणे
दोन मुद्दे.

१. भारतात 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर' म्हणतात. 'मेकॅनिक' हा शब्द शीर्षकात चुकीचा आहे.

२. ही विमानं औषधं नेतात तशी धर्मप्रचारकही नेतात. आदिवासींच्या अडचणीचा फायदा घेऊन धर्मांतर करणाऱ्या यंत्रणेचा नटबोल्ट व्हायला आपण एका तरुण मुलाला मार्गदर्शन करतोय, याची जाणीव असू द्या.

रिकामटेकडा
आलाच मुद्दा क्र. २. पॉपकॉर्न कुणाकडे आहेत?

ओहायोकर
@चिकित्सक, मुद्दा १: अमेरिकेत लायसन्सवर छापलेलंच 'मेकॅनिक' असतं आणि लोक ते अभिमानानं सांगतात. मुद्दा २ वर नंतर येतो, आधी प्रश्नाचं उत्तर.

मी कोलंबसला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, नाद छोट्या विमानांचा. इथून दीड तासावर कोशॉक्टन नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या विमानतळावर एमएमएस एव्हिएशन म्हणून एक संस्था आहे. जगभरातल्या मिशन संस्थांची विमानं तिथे दुरुस्तीला येतात. संस्थेनं सुट्या भागांचे पैसे भरायचे, मजुरी शून्य. कारण काम करणारे सगळे स्वतःचा खर्च चर्च आणि मित्रमंडळींच्या मासिक देणग्यांतून भागवतात. तिथे शिकाऊ उमेदवारी ३० महिन्यांची. लॉकवायर म्हणाले तो ३० महिन्यांचा नियम म्हणजेच हा.

दोन हिवाळ्यांपूर्वी बघायला गेलो होतो. माझी कल्पना होती की प्रार्थना, गिटार वगैरे असेल. प्रार्थना होती, सकाळी थोडा वेळ. मग दिवसभर एक मुलगा सेस्नाच्या पंखाखाली उताणा पडून रिव्हेट काढत होता. नुसतं काढत होता. मी जेवून परत आलो तरी काढतच होता. ड्रिल जरा तिरकं गेलं की भोक मोठं होतं आणि मग मोठ्या मापाचा रिव्हेट बसवावा लागतो. त्याच्या शेजारी पत्र्याचा एक तुकडा होता, त्यावर त्यानं आधी शंभरेक भोकं पाडून सराव केलेला. तुमच्या भाच्याला तो पत्र्याचा तुकडा आवडेल का, एवढंच विचारा. व्हिडिओतलं विमान कुणालाही आवडतं.

तांबरम_रिटर्न
आम्ही एअरफोर्सवाले. तांबरमला शिकलो, पुढं चेतक हेलिकॉप्टरवर काम केलं. आता नागपूरला शांत बसलो आहोत, बायको म्हणते फारच शांत.

लॉकवायरसाहेबांनी ज्यावरून नाव घेतलं ते आधी त्या पोराले समजावून सांगा. बोल्ट घट्ट केला म्हणजे काम झालं नाही. थरथरीनं तो सुटतो. म्हणून बोल्टाच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवतात, पिळतात आणि शेजारच्या बोल्टाले बांधतात. बोल्ट सुटायले गेला की तारेनं त्याले घट्ट व्हायच्या दिशेनंच ओढलं पाहिजे. उलटी बांधली तर तार आहे पण नाही. आमचे वॉरंट ऑफिसर पिळे मोजत. इंचाला सहा ते आठ. नऊ झाले तरी कापून परत. एक दिवस मी अकरा वेळा तेच केलं. रात्री स्वप्नातही तारच.

लॉकवायर
अकराच? आमच्या वेळी बोटं रक्ताळेपर्यंत चालायचं. कापलेल्या तारेचं टोक आत वळवलं नाही की पुढच्या माणसाच्या हातात घुसतं. तेही शिकवा.

सिस्टर_मिरज
मी या विमानांतून बसून गेले आहे म्हणून लिहिते. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकले. नंतर एका संस्थेसोबत दोन वर्षं युगांडा आणि दक्षिण सुदानात होते.

कंपालाहून एंटेबेकडे जाताना काजान्सी नावाचं छोटं धावपट्टीचं मैदान लागतं. तिथून मिशन एव्हिएशन फेलोशिपची कॅरव्हॅन सुटायची. आधी सामानाचं वजन आणि मग आपलं. हो, सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं राहायचं. लसींचे डबे, कांद्याचं पोतं, एक बाळंतीण आणि मी, असा एक प्रवास झाला. धर्म कुणी विचारला नाही. बाळंतीण कुठल्या धर्माची होती ते मलाही माहीत नाही.

मेकॅनिक लोक डोळ्यांना दिसत नाहीत. एकदाच दिसला. उड्डाणाला उशीर होत होता, आत आम्ही घामाघूम. बाहेर एक केनियन गृहस्थ प्रोपेलरच्या पात्यावरून नख फिरवत होता. हळूहळू, टोकापासून मुळापर्यंत. मग कानस घेऊन एका जागी घासायला लागला. मला वाटलं, हा आता नखं घासायचा वेळ आहे का! नंतर पायलटनं सांगितलं की खडा उडून बारीक खाच पडली होती.

लॉकवायर
सिस्टर, त्या गृहस्थाला माझा नमस्कार. मातीच्या पट्टीवर रोजचं काम ते. पातं फिरताना केंद्रोत्सारी ओढ टनांत असते. पुढच्या कडेवर टोकदार खाच राहिली तर तिथून तडा जातो आणि पात्याचं टोक तुटून उडतं. मग असमतोलानं इंजिनच माउंटवरून उखडू शकतं. म्हणून खाच घासून उथळ, गुळगुळीत करायची. किती घासायची याची मर्यादा पुस्तकात दिलेली असते. ती ओलांडली की पातं बाद.

वसईवाला
आमच्याकडे या गोष्टी कधी ऐकल्या नाहीत. वसईतले पाद्री, सिस्टर आफ्रिकेत गेलेले माहीत आहेत, पण विमान मेकॅनिक? कॅथलिक मुलाला जाता येतं का?

मिशन_कंपाउंड
@वसईवाला, मी थोडं वाचलं त्याप्रमाणे यातल्या बहुतेक संस्था प्रोटेस्टंट, इव्हँजेलिकल आहेत. अर्जाबरोबर श्रद्धेच्या मुद्द्यांच्या कागदावर सही लागते. कॅथलिक मुलाला काही मुद्द्यांवर अडेल असं वाटतं. आम्ही नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, तरी पाळकसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

सर्वांचे आभार. रिव्हेटचं भाच्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "ड्रिल कितीचं होतं?"

ओहायोकर
हाहा, मग पोरगा कामाचा आहे.

चिकित्सक_पुणे
माझ्या मुद्दा क्र. २ ला बगल दिली जातेय. १९५६ साली इक्वेडोरमध्ये काय झालं ते लिहा ना. आणि २०१८ मध्ये अंदमानातल्या आपल्याच सेंटिनेल बेटावर धर्मप्रचाराला गेलेला अमेरिकन तरुण मारला गेला, तेही.

जुना_वाचक
लिहितो. कारण त्या १९५६ च्या गोष्टीत मेकॅनिक आहे.

मिशन एव्हिएशन फेलोशिप दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी १९४५ साली सुरू केली. पहिलं उड्डाण १९४६ मध्ये अमेरिकेतून मेक्सिकोकडे. वैमानिक एक बाई होती, बेट्टी ग्रीन, युद्धात लष्करासाठी विमानं चालवलेली. विमान वॅको कंपनीचं, दुहेरी पंखांचं. पुढे मेक्सिकोतच दुसऱ्या वैमानिकाच्या हातून त्याची मोडतोड झाली. दुरुस्तीला पाठवला तो नेट सेंट, लष्करी हवाई दलात मेकॅनिकचं काम केलेला तरुण. या संस्थेचं मेकॅनिक खातं उघडलं ते असं.

१९४८ ला सेंट इक्वेडोरला गेला. शेल तेल कंपनीनं सोडून दिलेल्या छावणीत तळ. गावाचं नावच शेल. हा माणूस सतत काहीतरी जुळवत असे. इंधनाचा मुख्य मार्ग बंद पडला तर इंजिन चालू राहावं म्हणून त्यानं पर्यायी मार्ग स्वतः बसवला. विमान गोल घिरट्या घालत असताना लांब दोरीला बांधलेली बादली मध्यभागी जवळजवळ स्थिर राहते, हे ओळखून तो न उतरता सामान खाली देत असे आणि वरही घेत असे. याच बादलीनं वाओरानी या तिथल्या आदिवासी जमातीला भेटी पाठवल्या. ८ जानेवारी १९५६ ला कुराराय नदीच्या वाळूवर वाओरानींनी त्याला आणि चार साथीदारांना भाल्यांनी मारलं. त्याच्या पायपर विमानाचा सांगाडा १९९४ मध्ये नदीकाठी सापडला. आता तो नँपा, आयडाहो इथल्या मुख्यालयात ठेवलाय.

यावर दोन मतं कायम राहतील. त्या लोकांना कुणी बोलावलं होतं, हा प्रश्न रास्तच आहे. एकटं राहू इच्छिणाऱ्या जमातींना जाऊन भिडणं मलाही पटत नाही. पण त्यावरून आज पापुआतल्या वामेनाला तांदूळ आणि लस नेणाऱ्या विमानाचं तेल बदलणारा दोषी ठरत नाही.

चिकित्सक_पुणे
तेल बदलणारा निरपराध, ही पळवाट आहे. यंत्रणा सगळ्यांची मिळून असते. तरी माहितीपूर्ण प्रतिसाद, धन्यवाद.

रिकामटेकडा
चिकित्सकांनी धन्यवाद दिले! स्क्रीनशॉट घेतलाय.

संपादक
धर्मांतर हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर आधीच चार धागे आहेत. इथे प्रशिक्षणावर बोलू या.

तांब्याची_खाण
वामेनाचं नाव निघालं म्हणून. मी पापुआत टिमिकाजवळच्या खाणीवर पाच वर्षं होतो, मूळचा सांगलीचा. सुट्टीत एकदा बालिएम खोऱ्यात गेलो. वामेना गाव साडेपाच हजार फुटांच्या आसपास, आणि कित्येक दशकं तिथे जे आलं ते विमानानं आलं. सिमेंट, डिझेल, मोटारसायकली, मॅगी. दर ऐकून मी मॅगी खाल्लीच नाही.

आजूबाजूच्या गावांच्या पट्ट्या म्हणजे डोंगराच्या उतारावर कापलेलं गवत. चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं. वर गेल्यावर दुसरी संधी नसते, समोर डोंगर. दुपारनंतर ढग दऱ्या बंद करतात, म्हणून उड्डाणं पहाटेपासून. मग विमान परत आलं की मेकॅनिकचा दिवस सुरू. सकाळी सहाला ते परत हवं. माझ्या गेस्ट हाऊससमोर हँगर होता, रात्री अकराला दिवा चालू दिसायचा.

आणि तिथे जायचं तर आधी इंडोनेशियन भाषा शिकायला लागते, हे भाच्याला सांगा. 'पाना' म्हणजे तिकडे बाण. मी एकदा दुकानात पाना मागितला, दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

लॉकवायर
इंधनाचं राहिलं. जंगलात पंप नसतो, बॅरल असतात. ही बॅरलं उभी ठेवली की झाकणावर पावसाचं पाणी साचतं. रात्री आतलं इंधन गार होऊन आकसतं आणि ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत खेचलं जातं. म्हणून आडवी ठेवायची, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून इंधनाखाली बुडालेली राहतात. भरताना गाळून घ्यायचं, भरल्यावर टाकीच्या तळातून नमुना काढून बघायचा. ऐन उड्डाणात इंजिनाला घोटभर पाणी मिळालं की संपलं.

मिशनवाले कोडियाककडे का वळले त्याचं एक कारण हेच इंधन. पिस्टन इंजिनाला अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल लागतं, ते दूरच्या देशांत मिळत नाही किंवा सोन्याच्या भावानं मिळतं. कोडियाकमध्ये ७५० अश्वशक्तीचं पीटी६ टर्बाइन आहे, ते जेट इंधनावर चालतं. हजार फुटांच्या आत जमीन सोडतं. विमान डिझाइन करतानाच मिशनचं काम डोळ्यांसमोर होतं, २००७ ला प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे भाच्याला पिस्टन आणि टर्बाइन दोन्ही यायला हवं. भारतातली वाट धरली तर बी१.१ आणि बी१.२ दोन्हींकडे बघा.

मिशन_कंपाउंड
हे सगळं प्रिंट काढून दाजींना दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "पगार कुठल्या पानावर आहे?"

आणि खरं सांगू का, त्यांना 'मेकॅनिक' शब्दच टोचतोय. लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं म्हणतात.

ओहायोकर
पगाराचं स्पष्ट लिहितो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

रूढ अर्थानं पगार नसतो. संस्था सांगते की अमुक देशात राहायला महिन्याला इतके लागतील. तेवढ्या रकमेची वचनं तुम्ही चर्च, नातेवाईक, मित्र यांच्याकडून गोळा करायची. ती पुरेशी झाल्याशिवाय जाता येत नाही. शिकून तयार झालेला मेकॅनिक वर्ष-दोन वर्षं रविवारी चर्चांमधून स्लाइड दाखवत फिरतोय, हे अगदी नेहमीचं दृश्य. इथल्या एकानं मला सांगितलं की इंजिन ओव्हरहॉल सोपं, लोकांकडे पैसे मागणं अवघड.

व्हिसाचंही बघा. अमेरिकेत व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेला बहुधा एम-१ व्हिसा असतो. त्यावर शिकताना नोकरी करता येत नाही. शिक्षण संपल्यावर दर चार महिन्यांमागे एक महिना प्रत्यक्ष काम, तेही जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे खर्च आधी उभा करावा लागतो. विद्यापीठ असेल तर एफ-१, नियम वेगळे. टेक्ससमधलं लेटर्नो विद्यापीठ आणि मूडी बायबल इन्स्टिट्यूटचा स्पोकेनचा विभाग ही यातली जुनी नावं. दोन्हीकडे विमानविद्या बऱ्याच वर्षांपासूनची. मिशिगनमध्ये आयोनियाला फक्त मिशनसाठीच मेकॅनिक घडवणारी छोटी शाळा आहे. प्रत्येकाला ईमेल करून परदेशी मुलांचं विचारा. एक बरं आहे, परदेशी माणसाला विमान उडवायला शिकायचं तर अमेरिकन सुरक्षा खात्याची वेगळी तपासणी लागते. मेकॅनिकला ती नाही.

तांबरम_रिटर्न
बायोडेटात 'एव्हिएशन' लिहा न बापा! पुढचं कोणी विचारत नाही. माझ्या सासऱ्याले लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी वाटे जावई पायलट आहे. मीही काही बोललो नाही.

सिस्टर_मिरज
पगारावर माझं थोडं. मिशनच्या पैशावर आपल्याकडे दवाखाने उभे राहिले. मिरजेला डॉक्टर आणि रोगी पोहोचू शकले कारण तिथे रेल्वेचं जंक्शन होतं. पापुआत जंक्शन नाही, म्हणून विमान. तिथे गार्डाच्या शिट्टीइतकाच मेकॅनिकच्या सहीवर भरवसा ठेवून लोक बसतात.

पण ताईंची काळजी खोटी नाही. मी पाहिलेल्या कुटुंबांत बायकांचे हाल जास्त. नवरा हँगरमध्ये, मुलांची शाळा घरातच, आणि शेजारी कुणाशी बोलायचं तर भाषा येत नाही. चार वर्षांत परतलेलेही आहेत. त्यांची पत्रकं कुणी चर्चमध्ये वाचून दाखवत नाही.

चिकित्सक_पुणे
सिस्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. या धाग्यात पहिल्यांदाच कुणीतरी न भारावता लिहिलं.

लॉकवायर
आता माझं स्पष्ट मत. मुलानं अजून एकही विमान हात लावून पाहिलेलं नाही. अमेरिका, व्हिसा, देणग्या हे सगळं नंतर. आधी तीन-चार महिने जिथे छोटी विमानं रोज उडतात तिथे काढू द्या. धुळे, बारामती, गोंदिया, या ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण चालतं. तिथल्या देखभाल विभागात ओळखीनं, मिळेल त्या पदावर, झाडू मारायला मिळालं तरी घुसवा. शिकाऊ विमानं दिवसाला शंभरदा आपटतात, त्यामुळे काम भरपूर.

तिथे त्याला सिलिंडरची दाब-चाचणी बघायला मिळेल. ८० पीएसआय हवा सोडतात आणि आत किती टिकते ते बघतात. गळती कुठून आहे ते कानानं ओळखायचं. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा घेण्याच्या बाजूनं आली तर इनटेक, तेल भरायच्या नळीतून आली तर रिंगा. तेलाचा फिल्टर कापून, त्याचा कागद उलगडून धातूचे कण शोधायचे. हे कंटाळवाणं काम आहे. कंटाळा आला तर पोरगा वाचला, दाजी खूष. नाही आला तर मग बोलू.

रिकामटेकडा
दाब-चाचणी माझीही होते रोज. घरी. गळती कानातूनच.

वसईवाला
लॉकवायर काकांचा प्रतिसाद माझ्या मुलालाही दाखवला. तो जहाजावर जाणार आहे, तरी.

मिशन_कंपाउंड
बऱ्याच दिवसांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

लॉकवायर काकांचं ऐकलं. ओळखीच्या ओळखीनं भाचा एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये लागलाय. आता तिसरा महिना. पहिला महिना फक्त फरशी आणि स्पार्क प्लग. दुसऱ्या महिन्यात सेस्नाची काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडायची परवानगी मिळाली. गेल्या आठवड्यात फिल्टरच्या कागदात त्याला एक चकाकता कण दिसला. चुंबकाला चिकटला नाही, म्हणजे लोखंड नव्हतं. साहेबांनी नोंद करून पुढच्या वेळी पुन्हा बघायला सांगितलं. एवढ्या गोष्टीवर फोनवर २० मिनिटं बोलला.

मात्र एक भांडणही झालं. एका वरिष्ठानं न केलेल्या तपासणीच्या जागी सही कर म्हणून सांगितलं. खरं तर याच्या सहीला तिथे किंमतच नाही. नाही म्हणाला, तर दोन आठवडे पुन्हा फरशी. दाजींना हे कळलं तेव्हा मला वाटलं आता परत बोलावतील. ते नुसतं म्हणाले, "बरं केलं." आणि ताईला चहा टाकायला सांगितला.

ठरलंय असं: आधी इथे बी१.२, मग पुढचं पुढे. आयोनियाच्या शाळेला ईमेल गेलाय. पाळकसाहेबांना उशीर वाटतोय, भाच्याला नाही.

आता खरा प्रश्न. त्याला लॉकवायर पिळायची पक्कड स्वतःची हवी आहे, हँगरमधली ढिली आहे म्हणतो. पुण्यात कुठे मिळेल? ऑनलाइन आहेत त्या बऱ्या असतात का?

तांबरम_रिटर्न
ऑनलाइनवाली स्वस्त घेऊ नका, जबडा सरकते. मंग पिळे सारखे येत नाहीत.

लॉकवायर
विकत घेऊ नका. माझी आहे, १९८७ पासूनची, स्प्रिंग एकदाच बदलली. दादरला येऊन घेऊन जा, नाहीतर कुरिअर करतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

त्याला पहिली तार बांधून फोटो पाठवायला सांगा. पिळे मी मोजणार आहे.

रिकामटेकडा
आणि लूना?

मिशन_कंपाउंड
अजून खोललेलीच आहे.